पाठमोरी इमारत

आमच्या शाळेची सहल एका वर्षी रायगडावर जाते आणि दुसऱ्या वर्षी मुंबईला. हा क्रम मी शाळेत लागण्याच्या आधीपासून चालत आलेला आहे आणि तो कोणी घालून दिला हे आता कोणालाच आठवत नाही. मुंबईच्या वर्षी आम्ही मांडव्याच्या धक्क्यावर लाँच धरतो. डिसेंबरातला समुद्र शांत असतो, मुले मात्र नसतात. निम्मी कठड्याला लोंबकळत असतात, निम्मी घरून आणलेल्या डब्यांची झाकणे उघडून बघत असतात. तासाभराने आरमाराची करडी जहाजे मागे पडतात, उजव्या हाताला गेटवेची कमान दिसू लागते आणि डाव्या हाताला ते प्रचंड हॉटेल. मधोमध लाल घुमट, कोपऱ्यांना छोटे घुमट आणि खिडक्यांच्या रांगांवर रांगा. क्षणभर सगळी लाँच गप्प होते.

आमच्याकडची जुनी माणसे या जागेला अपोलो बंदर म्हणत नसत. माझे आजोबा "पालव्याला जाऊन येतो" म्हणत. पालव्याचेच साहेबाने अपोलो केले अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ग्रीकांच्या सूर्यदेवाला पालव्याच्या धक्क्यावर आणून बसवायचे म्हणजे साहेबाचीही कमालच. पण नावे अशीच बदलतात आणि बदललेले नाव तोंडी बसले की जुन्याची कोणाला आठवण राहत नाही. हे मी उगाच सांगत नाही. मला जी कथा सांगायची आहे तीही एका विसरलेल्या नावाचीच आहे.

तर, लाँच गप्प झाली की माझी पाळी येई. मी चित्रकला शिकवतो. इमारती दाखवणे हे माझे काम, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे गोष्ट रंगवून सांगण्याची मला सवय. मी मुलांना विचारी, "या हॉटेलात काय चूक आहे, ओळखा पाहू?" कोणाला ओळखू येत नसे. मग मी सांगे, "एका गोऱ्या साहेबाने या इमारतीचा नकाशा काढला, इथल्या गवंड्यांच्या हाती दिला आणि तो विलायतेला निघून गेला. परत येऊन पाहतो तो काय, इमारत उलटी! दार गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. आपण आत्ता बघतो आहोत ती हॉटेलची पाठ आहे. साहेबाने कपाळावर हात मारला, जिना चढून थेट वरचा मजला गाठला आणि…" इथे मी थांबत असे. मुले "आणि?" म्हणून ओरडत. मी हाताने वरून खाली अशी एक रेघ ओढी. मुली डोळ्यांवर हात घेत, मुलगे हसत. तोवर लाँच धक्क्याला लागे.

ही गोष्ट मी सात सहलींना सांगितली. मला ती कोणी सांगितली? आमच्या शाळेत माझ्या आधी असलेल्या गुरुजींनी. त्यांना कोणी सांगितली ते त्यांनाच ठाऊक. मुंबईत ती टॅक्सीवाले सांगतात, वाटाडे सांगतात, मोठमोठे शिकलेले लोकही सांगतात.

सहा वर्षांपूर्वीच्या सहलीत नववीतल्या एका मुलीने गोष्ट संपल्यावर मला विचारले, "सर, त्या साहेबाचं नाव काय होतं?"

आदल्या वर्षी हीच मुले माझ्याबरोबर रायगडावर आली होती. तिथे जगदीश्वराच्या देवळाशी एक पायरी आहे. तिच्यावर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गडाच्या इमारती ज्यांनी उभ्या केल्या ते हे हिरोजी. महाराजांनी बक्षीस माग म्हटले तेव्हा त्यांनी फक्त पायरीवर नाव मागितले, ही कथा झाली. पण तो दगड खरा आहे, त्यावरची अक्षरे खरी आहेत. मी प्रत्येक मुलाला त्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावतो आणि सांगतो, इमारत बघितली की बांधणाऱ्याचे नाव विचारावे. या मुलीने विचारले. गुरूने शिकवलेली विद्या गुरूवरच चालवली, इतकेच.

"कोणीतरी साहेब होता गं," मी म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण सर, असं होईल कसं? माझे बाबा गवंडी आहेत. पाया आखताना आधी दार कुठे ते विचारतात. दोरी लावतानाच. एवढ्या सगळ्या गवंड्यांत एकालाही समुद्र दिसला नाही?"

मुले हसली. मीही हसलो. मात्र माझे हसू खरे नव्हते. शिक्षकाला वर्गात उत्तर येत नाही तेव्हा तो हसतो; ही युक्ती आमच्या धंद्यात सर्वांनाच ठाऊक आहे.

परतताना लाँचमध्ये मी त्या मुलीच्या प्रश्नावर विचार करीत बसलो. सात वर्षे, म्हणजे मध्ये मध्ये रायगड धरून चौदा वर्षे, मी एक विनोद सांगत आलो होतो. तो विनोद कोणावर होता? मला वाटत आले होते की तो साहेबावर आहे. आखूडबुद्धी, गर्विष्ठ साहेब! परंतु नीट पाहिले तर त्या गोष्टीत साहेब शहाणाच आहे. त्याचा नकाशा बरोबर आहे, त्याचे दुःख खरे आहे, तो आपल्या कलेसाठी प्राण देण्याइतका मोठा आहे. मूर्ख आहेत ते गवंडी. शेकडो माणसे वर्षानुवर्षे दगडावर दगड रचतात आणि समुद्र कोणत्या बाजूला आहे हे त्यांतल्या एकालाही कळत नाही. मी एका गवंड्याच्या मुलीसमोर गवंड्यांच्या मूर्खपणाची गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकून हसणाऱ्या मुलांत निम्म्या मुलांचे बाप हातात थापी नाहीतर वल्हे धरणारे होते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यावर चित्रकलेची पदविका. इंग्रजी वाचायचे म्हणजे शेजारी कोश लागतो. तरीही एका सुट्टीत मुंबईला जाऊन मी ग्रंथालयात बसलो आणि शारदा द्विवेदी व चार्ल्स ॲलन यांनी या वास्तूवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ काढून घेतला. आणखीही काही चाळले. जे हाती लागले ते सांगतो.

जमशेटजी टाटांनी पालव्याची ही जागा 1898 मध्ये भाडेपट्ट्याने घेतली. मुंबईत प्लेग येऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. लोक शहर सोडून पळत होते, आणि हा गृहस्थ परक्या देशच्या पाहुण्यांनी इथे येऊन सुखाने राहावे म्हणून हॉटेल बांधायला निघाला होता. घरच्या माणसांनाही ही कल्पना फारशी रुचली नव्हती. त्यांची एक बहीण 'तू आता भटारखाना काढणार का' अशा अर्थाचे बोलल्याचे चरित्रकार सांगतात. बहिणीच सांगू जाणोत अशा गोष्टी. गिरण्या काढणारा, पोलादाची आणि विजेची स्वप्ने बघणारा भाऊ खाणावळ काढतो म्हटल्यावर तिला दुसरे काय वाटणार?

आणि नकाशा? तो कोण्या गोऱ्या साहेबाने काढला नाही. तो काढला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनी. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा हे होते. सीताराम खंडेराव! आपल्यातलेच नाव. बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस, ज्याला आपण आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, ते फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुकाराने 1878 पासून दहा वर्षांत उभे केले. त्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली हेच वैद्य देखरेखीला होते. म्हणजे बोरीबंदरचा घुमट चढताना पाहिलेल्या माणसाने पालव्याच्या घुमटाचे काम हाती घेतले. हे कळल्यावर मी पुन्हा दोन्ही इमारतींकडे पाहिले. दगडाची एकावर एक चढत जाणारी बांधणी, मधला मोठा घुमट, त्याच्या आजूबाजूला राखण करणारे लहान घुमट… चित्रकलेच्या मास्तराला हे आधी दिसायला हवे होते. दिसले नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर ती गोष्ट उभी होती.

वैद्यांना इमारत पुरी झालेली पाहायला मिळाली नाही. काम चालू असतानाच ते वारले. उडी बिडी कोणी घेतली नाही. ते साध्या माणसासारखे वारले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेले. साहेब आहे तो इतकाच, आणि त्यानेही जीव दिलेला नाही. आत जो मोठा अधांतरी वाटणारा जिना आहे, तो कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांची करामत. एक मराठी वास्तुकार, एक पारशी बांधणारा, शेवटचा हात फिरवणारा एक इंग्रज, आणि ज्यांची नावे कोणत्याच कागदावर मिळायची नाहीत असे शेकडो पाथरवट, गवंडी, सुतार नि बिगारी. इमारत त्यांची.

राहिली दाराची गोष्ट. दार गावाकडेच ठेवायचे होते, आणि ते तिथेच ठेवले गेले. पाहुणा यायचा तो घोडागाडीतून, शहराच्या बाजूने. इमारतीच्या दोन बाहू मागे शहराकडे पसरलेल्या, मध्ये अंगण. त्या अंगणात गाड्या येऊन थांबत. पाहुण्याला खोली मिळाली की मग खिडकी उघडायची आणि समोर समुद्र. दारासमोर समुद्र ठेवला असता तर तो दारवानाने पाहिला असता. आपल्या कोकणात घर बांधताना पडवी कुठे आणि माजघर कुठे हे जसे वाऱ्यापावसाकडे बघून ठरवतात, तसेच हे. आणि एक लक्षात घ्या. तेव्हा गेटवेची कमान नव्हती. तिची कोनशिला 1913 मध्ये बसली आणि ती पुरी झाली 1924 मध्ये. आज तिथे जी गर्दी, कबुतरे, फोटो आणि भेळ आहे, त्यातले काही नव्हते. भर घालून ती जागा तयार व्हायची होती. कमान आली, लोक समुद्राच्या बाजूला जमू लागले आणि हॉटेलची पाठ हीच हळूहळू तोंड झाली. पुढे दार इकडे आणले आणि मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव झाला. म्हणजे इमारत फिरली नाही, गाव तिच्याभोवती फिरले. आणि गाव फिरले हे विसरलेल्या लोकांनी इमारतच उलटी म्हणायला सुरुवात केली.

या हॉटेलविषयी दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती मला पहिलीपेक्षा अवघड वाटते. काळ्या घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल होते. 1860 च्या दशकात विलायतेत ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया बोटीने आणून ते इथे जुळवले होते. 7 जुलै 1896 रोजी लुमिए बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम तिथेच दाखवली गेली. हे हॉटेल गोऱ्यांसाठीच होते. गोष्ट अशी की जमशेटजी एकदा तिथे गेले असता त्यांना दारातून परत पाठवले, आणि त्या अपमानाच्या तिरीमिरीत त्यांनी वॉटसन्सला लाजवील असे हॉटेल बांधण्याची प्रतिज्ञा केली. ही गोष्ट ऐकून कोणाची छाती फुगत नाही? माझीही फुगते. परंतु ती घडल्याचा भक्कम पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. जमशेटजींना ओळखणारे त्या काळचे एक संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी लिहून ठेवले ते वेगळेच. जमशेटजींच्या मनात ही कल्पना पुष्कळ दिवस घोळत होती, हॉटेलचे मालक व्हायची त्यांना हौस नव्हती. ज्या शहराने आपल्याला वाढवले त्याला काहीतरी द्यावे एवढेच होते.

आता इथे प्रश्न उभा राहतो. गवंड्यांची गोष्ट खोटी आणि अपमानकारक. ती टाकून द्यायला कष्ट नाहीत. पण ही दुसरी? ती खोटी असली तरी कोणाचे वाईट करते? उलट मुलांच्या मनात स्वाभिमान जागा करते. अशी गोष्ट शिक्षकाने सांगावी की न सांगावी? माझ्या एका स्नेह्याने मला सरळ सांगितले, "अहो, खरं काय नि खोटं काय, मुलांना स्फूर्ती मिळते ना? धर्मराजानेसुद्धा अश्वत्थाम्याच्या वेळी अर्धे खरे सांगितले."

सांगितले खरे. पण त्यानंतर त्याचा भुईपासून चार बोटे वर चालणारा रथ भुईला टेकला, हेही त्याच महाभारतात आहे. स्नेही नेमका तेवढा भाग विसरला होता.

मी या प्रश्नावर पुष्कळ डोके चालवले, कारण मी स्वतः खोट्या गोष्टी लिहिणारा माणूस आहे. माझ्या कादंबऱ्यांत मी माणसे मारली आहेत, लग्ने मोडली आहेत, एका सज्जन तलाठ्याला लाचखोर केले आहे. त्याचे मला काही वाटत नाही. कारण पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'कादंबरी' असे छापलेले असते. वाचक आणि मी यांच्यात तो करार आहे. आणि ती माणसे माझी आहेत. मी त्यांना जन्माला घातले, मीच मारले. पण लाँचवर उभा राहून मी बोट दाखवतो तेव्हा असा करार नसतो. समोरचे दगड खरे असतात, आणि मुले माझ्या शब्दावर विसंबून असतात. तिथे मी एक साहेब कल्पून त्याला गच्चीवरून ढकलले, तेव्हा मी रिकाम्या जागेत कोणाला उभे केले नाही. तिथे एक माणूस आधीच उभा होता. सीताराम खंडेराव वैद्य हे त्याचे नाव. मी ढकलले ते त्याला. एकशे वीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला आपण आणखी काय इजा करणार, असे कोणी म्हणेल. मेलेल्या माणसाकडे नावाशिवाय दुसरे राहते काय?

आणि जमशेटजींच्या बाबतीत? अपमानाची गोष्ट त्यांना मोठे करते असे वाटते, पण मला ती त्यांना थोडे लहानच करते असे वाटू लागले आहे. प्लेगाने उजाड झालेल्या शहराकडे पाहून, मी इथे काहीतरी उभारीन, असे म्हणणारा माणूस एक, आणि कोण्या दारवानाने हटकले म्हणून चिडून इमारत बांधणारा माणूस दुसरा. आपल्याला दुसरा आवडतो, कारण तो आपल्यासारखा आहे. आपल्या आळीत असे कितीतरी आहेत. शेजाऱ्याने पत्रा घातला म्हणून स्लॅब घालणारे. शिवाय गोऱ्यांच्या दारातून परत फिरवलेली माणसे त्या काळी खरोखरच होती, आणि कमी नव्हती. त्यांची हकिगत खरी आहे. तिला बळकटी यावी म्हणून आपण एक बनावट हकिगत जोडली, तर उद्या कोणी ती बनावट उघडी पाडील आणि मग खऱ्याकडेही बोट दाखवील. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा. खोटा साक्षीदार खऱ्या फिर्यादीचेच नुकसान करतो.

इतके सगळे लिहायला सोपे आहे. पण मी अजून नीटसा स्वस्थ झालेलो नाही. ज्या समाजाला बराच काळ मान खाली घालायला लावले, त्याने मान वर करण्यासाठी एखादी गोष्ट रचली तर मॅट्रिक मास्तराने कागदपत्रांची जुडी घेऊन त्याच्या आडवे यावे का? मला कधी वाटते यावे, कधी वाटते येऊ नये. तूर्त मी वर्गात ती गोष्ट सांगतो, पण 'लोक असे म्हणतात' हे तीन शब्द पुढे लावून. मुले ते तीन शब्द लगेच विसरतात, हे मला माहीत आहे.

16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडले, तेव्हा इमारत अर्धीमुर्धीच होती. एक बाजू तयार, घुमट अजून पुरा व्हायचा. पहिले पाहुणे सतरा. आत विजेचे दिवे होते, अमेरिकेचे पंखे होते, जर्मनीचे पाळणे होते, आणि जमशेटजींनी पॅरिसच्या प्रदर्शनात पसंत करून आणलेले लोखंडी खांब होते. पाचच महिन्यांनी, 19 मे 1904 रोजी, जमशेटजी जर्मनीत वारले. ज्याने इमारत आखली त्याने ती पुरी पाहिली नाही, आणि ज्याने ती बांधवली त्यानेही पाहिली नाही. ही खरी हकिगत उडीच्या गोष्टीपेक्षा मला कितीतरी अधिक लागते. पण तिच्यात 'आणि?' म्हणून ओरडण्यासारखे काही नाही.

पुढच्या शंभर वर्षांतल्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचे लष्करी इस्पितळ होते. शेजारचा उंच मनोरा 1970 नंतरचा. आणि 2008 च्या 26 नोव्हेंबरची रात्र. मी तेव्हा शाळेत नवाच होतो. शेजाऱ्यांकडे टीव्हीसमोर सगळी आळी बसली होती. घुमटाखालून ज्वाळा निघत होत्या आणि एक म्हातारी "आपलं घर जळल्यासारखं वाटतंय बाई" असे म्हणत होती. ती जन्मात कधी त्या हॉटेलात पाऊल टाकणार नव्हती. आत हॉटेलचे नोकर पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढत होते, आणि त्यांतले कित्येक जण परत आले नाहीत. त्याच रात्री बोरीबंदरच्या फलाटांवर गावी निघालेली पन्नासहून अधिक माणसे बोचक्यांशेजारी मारली गेली. विष्णू झेंडे यांनी उद्‌घोषणेच्या खोलीतून लोकांना बाहेरच्या बाहेर काढले नसते तर तो आकडा आणखी वाढला असता. पण पडद्यावर सतत दिसत राहिला तो घुमट. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते की त्या रात्री गोळ्या झेललेल्या या दोन्ही वास्तूंवर एकाच माणसाचा हात फिरलेला आहे. ठाऊक असते तरी त्या रात्री त्याचे काय केले असते, ते सांगता येत नाही. 15 ऑगस्ट 2010 रोजी जुनी इमारत पुन्हा उघडली. घुमट आता पूर्वीसारखाच दिसतो.

ग्रंथालयातून निघालो त्या दिवशी परतीच्या लाँचला वेळ होता म्हणून मी गेटवेसमोर हिंडत होतो. तिथे कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणारे फोटोवाले असतात. त्यांतला एक पुढे येऊन माझ्या पाया पडला. माझा दहा-बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. हात चांगला होता त्याचा, रेषा सरळ काढायचा. चार माणसांचे एक कुटुंब त्याच्यासमोर उभे होते आणि तो त्यांना हॉटेलकडे तोंड करून सांगत होता, "साहेब विलायतेहून परत आला, तर इमारत उलटी!" मी बाजूला उभा राहिलो. हाताने वरून खाली रेघ ओढण्याची लकबही त्याने माझीच उचलली होती. कुटुंब खूश झाले आणि त्याने दोन फोटो जास्त काढले.

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला चहा पाजला आणि सगळे सांगितले. वैद्यांचे नाव सांगितले, दाराचे कारण सांगितले, गवंड्याच्या मुलीचा प्रश्न सांगितला. त्याने मन लावून ऐकले. मग म्हणाला, "सर, हे खरं असेल. तुम्ही सांगताय म्हणजे खरंच. पण तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं."

मी गप्प बसलो.

"आणि सर," तो म्हणाला, "मोबाईल आल्यापासून फोटो कोण काढतं? त्या गोष्टीवर लोक दोन मिनिटं थांबतात. थांबले की एखादा फोटो होतो. वैद्य ताप येऊन गेले की कशानं गेले, यावर कोण थांबणार?"

चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

मध्ये करोनाची दोन वर्षे गेली. शाळा बंद, सहली बंद, लाँच बंद. ती गवंड्याची मुलगी शाळा संपवून गेली; आता अलिबागेला स्थापत्याची पदविका करते असे ऐकतो. पुढे सहली सुरू झाल्या. रायगड झाला, पायरीवरून बोटे फिरली, आणि त्यानंतरच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मांडव्याहून निघालो. हॉटेल दिसू लागले, लाँच गप्प झाली. मी घसा साफ केला.

"ही इमारत," मी म्हणालो, "सीताराम खंडेराव वैद्य नावाच्या माणसाने आखली. नाव पाठ करा. त्यांनी आधी बोरीबंदरच्या कामावर…" आणि दाराची सगळी हकिगत मी शक्य तितकी रंगवून सांगितली. घोडागाड्यांचे टाप वाजवून दाखवले, खोलीत शिरून खिडकी उघडणारा पाहुणा करून दाखवला. मुले ऐकत होती. फार नाही, पण ऐकत होती. आपल्याला जमले, असे मला वाटू लागले.

तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. "सर, आणि मग त्या वैद्यांनी वरून उडी मारली ना?"

"नाही रे," मी म्हणालो, "तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या दादाने. तो तुमच्याच वर्गात होता."

सगळी लाँच हसली आणि त्याच वेळी ती धक्क्याला लागली. मुले दप्तरे उचलून पायऱ्यांकडे धावली. मी मागून ओरडत होतो, ओळीने उतरा, पायरी निसरडी आहे, पाय जपून टाका.